वेरूळची शांतता कोणाची? एका जुन्या चित्रसंचाचे वाचन

१/ १८०३ साली लंडनमध्ये वेरूळच्या लेण्यांचा २४ चित्रांचा संच प्रसिद्ध झाला. मूळ रेखाटने जेम्स वेल्स यांची. छपाईचे ठसे टॉमस डॅनियल यांच्या देखरेखीखाली कोरलेले. चित्रांत प्रचंड डोंगर, काळोखी दालने आणि गूढ शांतता आढळते. ही शांतता वेरूळची, की ठसा घडवणाऱ्यांची?

२/ या चित्रांचा उगम पुण्याशी निगडित आहे. स्कॉटिश चित्रकार वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आले. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने त्यांनी पुण्यात सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली. पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट त्यांचे सहकारी होते. मॅलेट यांच्यासाठी गंगारामांनीही वेरूळची रेखाटने केली.

३/ आता तंत्र पाहू. या पद्धतीचे नाव अ‍ॅक्वाटिंट. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून तापवतात व पत्रा आम्लात बुडवतात. आम्ल कणांच्या मधल्या जागा खाते. जो भाग जास्त वेळ आम्लात राहतो, तो छपाईत अधिक गडद उमटतो. म्हणजे गुहेचा अंधार किती दाट असावा, हे लंडनच्या कार्यशाळेत ठरत होते. वेल्स तर १७९५ मध्येच निवर्तले होते.

४/ ग्राहकांची अभिरुचीही महत्त्वाची. एडमंड बर्क यांच्या १७५७ च्या ग्रंथापासून इंग्लंडमध्ये विशालता, अंधार आणि एकांत यांतून येणाऱ्या भीतियुक्त विस्मयाला सौंदर्यविचारात मोठे स्थान मिळाले होते. वेरूळ या अपेक्षेत नेमके बसले.

५/ प्रत्यक्ष परिसर मात्र निर्जन नव्हता. लेण्यांजवळच घृष्णेश्वर हे ज्योतिर्लिंग; त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केलेला. काळही शांत नव्हता. १७९५ च्या मार्चमध्ये मराठे व निजाम खर्ड्याला भिडले, ऑगस्टमध्ये अहिल्याबाई गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात अंत झाला.

६/ संचाच्या शीर्षकात ही लेणी ‘हिंदू’ म्हटली आहेत. वास्तविक वेरूळच्या ३४ क्रमांकित लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध, पुढची १७ हिंदू आणि शेवटची ५ जैन आहेत. एका शब्दाने तीन परंपरांचा डोंगर एकरंगी झाला.

७/ म्हणून ही चित्रे खोटी ठरत नाहीत. स्तंभ, शिल्पे आणि रचना यांसाठी ती मोलाचा पुरावा आहेत. त्यांतील भाव मात्र वेरूळपेक्षा १८०३ च्या लंडनविषयी अधिक सांगतो. जुने धार्मिक निसर्गचित्र वाचताना तीन प्रश्न विचारावेत: रेखाटले कोणी, ठसा कोणी घडवला आणि पाहणार कोण होते?

८/ आणि चौथा प्रश्न: नाव कोणाचे राहिले? संचाच्या शीर्षकपृष्ठावर वेल्स आणि डॅनियल आहेत, गंगाराम नाहीत. त्यांची रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. वेरूळचा संच पाहताना ती शेजारी ठेवून पाहावीत.