आण्याचा हिशेब आणि संगणकाचा बांध

देवगाव फाट्याच्या परिसरात जुनी माणसं जमीन अजून एकर-गुंठ्यात बोलतात. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर. या दोन मापांच्या मधे मला मोजणीचा एक विसरलेला इतिहास दिसतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी 33 फुटांची होती. तिचे 16 भाग, प्रत्येक भाग म्हणजे आणा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. पण तिथली मोजणीही याच धर्तीवर झाली. आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा: सगळं निम्मं-निम्मं करत जाणारं. 1 एप्रिल 1957 ला नाण्यांत दशमान पद्धत आली, पुढे जमिनीतही.

गंमत अशी की संगणकालाही निम्म्यानंच मोजता येतं. विल्यम कहान यांचा मोठा वाटा असलेलं आयईईई 754 हे फ्लोटिंग पॉइंट आकड्यांचं मानक 1985 साली आलं. त्यात एक आणा, म्हणजे 1/16, तंतोतंत बसतो. 0.1 बसत नाही. सोळा वेळा आणा मिळवा, नेमका 1 येतो. दहा वेळा 0.1 मिळवा, 0.9999999999999999 येतं. मग ‘हे 1 आहे का?’ असं विचारलं, की संगणक ‘नाही’ म्हणतो.

एवढ्याशा फरकानं शेताचं काय बिघडणार? क्षेत्रफळाचं काहीच नाही. पण भूमितीचं सॉफ्टवेअर निकालही देतं: हा दगड रेषेच्या डावीकडे, उजवीकडे की रेषेवरच? दोन ठिकाणी दोन निकाल निघाले, तर नकाशावर एखादी चिंधी दोन्ही शेतांत मोजली जाते, नाहीतर कुठल्याच नाही.

‘थोडा फरक चालवून घ्या’ हा सोपा उपाय. पण तो बांध कोरण्यासारखा आहे. पहिला दगड दुसऱ्याइतकाच, दुसरा तिसऱ्याइतकाच म्हणत गेलं, की पहिला आणि शेवटचा यांत अख्खं तास जातं.

1997 साली जोनाथन श्यूचुक यांनी चांगली वाट दाखवली. आधी झटपट गणित करायचं; उत्तर शून्याच्या इतकं जवळ आलं की चिन्हाचा भरवसा नाही, तरच जास्त अचूक गणित करायचं. साधा उपायही आहे: अंतरं पूर्ण मिलिमीटरमध्ये ठेवायची आणि दोन शेतांचा सामाईक बांध एकदाच नोंदवायचा.

शेतात बांध एकच असतो. संगणकात तो दोनदा काढला, की भांडणाला जागा आपणच करून देतो.