मोतीबिंदू थांबतो, पडदा थांबत नाही

माणदेशातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून माझी सारी नोकरी झाली. हुद्दा भारदस्त, पण आम्ही काही डॉक्टर नव्हे. चष्म्याचे नंबर काढायचे, शाळेतली मुलं तपासायची, मोतीबिंदूचे पेशंट हुडकून ऑपरेशनपर्यंत न्यायचे, हे आमचं काम. गावकरी मात्र आम्हाला डॉक्टरच म्हणत.

आमच्यासारख्यांची पदं आली ती राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून. हा कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. लोकसंख्येतलं अंधत्वाचं प्रमाण 1.4 टक्क्यांवरून 0.3 टक्क्यांवर आणायचं, हे त्याचं उद्दिष्ट. आंधळेपणाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू, म्हणून सगळा जोर तिकडे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिबिरं भरत. क्रायो नावाच्या अतिथंड उपकरणाच्या टोकाला गोठून चिकटलेलं डोळ्यातलं भिंग अख्खं बाहेर येई, नंतर डोळ्याला पट्टी, आणि पुढे जन्मभर दहा नंबरचा जाड भिंगाचा चष्मा. त्या चष्म्याचा जाच एवढा की दिसणं पुरतं गेल्याशिवाय डोळ्याला हात लावण्यात शहाणपण नव्हतं. म्हणून डॉक्टरच सांगत, ‘अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी या.’ 1994 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प आला. महाराष्ट्र त्यात होता. पुढे डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणं सर्रास झालं आणि थांबायचं कारण उरलं नाही. लोकांच्या मनात मात्र एक हिशेब पक्का बसला होता: दिसेनासं झालं की डॉक्टर, आणि ऑपरेशन झालं की दृष्टी परत.

मधुमेहाच्या डोळ्याला हा हिशेब लागू पडत नाही. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनावरच्या, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, पुढे नव्या ठिसूळ वाहिन्या फुटतात. यातलं बरंचसं घडून जातं तरी माणसाला काहीच जाणवत नाही. योगायोग असा की ज्या 1976 साली आपला कार्यक्रम सुरू झाला, त्याच साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. अशा वाढलेल्या आजारात वेळेवर लेसर केला, तर दृष्टी जवळजवळ पूर्ण जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण लेसर उरलेली नजर राखतो. गेलेली सहसा परत आणत नाही. म्हणजे तपासायचं ते चांगलं दिसत असतानाच.

हे गळी उतरवणं महाकठीण. आमच्याकडे शुगरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या एक आजी होत्या. डोळ्यात ड्रॉप टाकायचे म्हटलं तर म्हणाल्या, “अवो डॉक्टर, तांदळातला खडा निवडते मी. मला काय झालंय?” तक्त्यावरची शेवटची ओळही त्यांनी घडाघडा वाचली. शेवटी कशाबशा ड्रॉपला तयार झाल्या. बाहुली मोठी झाल्यावर नेत्रतज्ज्ञांनी ऑप्थॅल्मोस्कोप लावला, तर पडद्यावर रक्ताचे लाल ठिपके आणि पिवळट डाग. आजींचा हट्ट गैर नव्हता. ड्रॉप टाकले की चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं, सोबत माणूस लागतो, दोघांचा रोज बुडतो. शिवाय मोठ्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचं ते वेगळंच.

चांगलं दिसणाऱ्या माणसाला तपासणीला आणायचं कसं, हा प्रश्न इंग्लंडने यादीपासून सोडवला. तिथे 2003 पासून देशभर कार्यक्रम उभा राहिला. फॅमिली डॉक्टरांकडच्या याद्यांतून मधुमेहींची नावं घ्यायची, बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला पत्र धाडायचं, पडद्याचे फोटो काढायचे आणि ते प्रशिक्षित माणसांनी वाचायचे. 2009-10 च्या नोंदी तपासल्या तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिलं कारण म्हणून मधुमेह उरला नव्हता. किमान पाच दशकांत प्रथमच. साखरेवरचे उपचार सुधारले होते, त्याचाही यात वाटा असणार. पण पत्र जात होतं, हे विसरू नये.

आपल्याकडे 2010 मध्ये मधुमेह, हृदयविकार, कर्करोग आणि पक्षाघातासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि पुढे शुगर-बीपी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत, आशाताईंच्या वहीपर्यंत पोचली. म्हणजे यादी आपल्याकडेही आहे. हातात धरायचे कॅमेरे आले आहेत. केंद्रात काढलेला फोटो तज्ज्ञाला दुसऱ्या गावी बसून पाहता येतो. पेशंट महिन्याला गोळ्या न्यायला येतोच, त्याच दिवशी फोटो झाला तर वेगळा रोज बुडत नाही.

राहता राहिलं बोलणं. ‘डोळे जातील’ अशी भीती घातली की माणूस पुढच्या खेपेला गोळ्यांनाही येत नाही. ‘डोळे तपासले का?’ विचारावं, तर चष्म्याचा नंबर काढलेला माणूस बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो. म्हणून नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: ‘पडद्याचा फोटो शेवटचा कधी काढला?’ असं विचारा, आणि शुगरच्या आकड्याशेजारी त्याचीही तारीख कार्डावर लिहा. जागा रिकामी दिसली की पुढची सिस्टर आपणहून विचारेल.