एक लिटर तेल, तीन शिक्के

मोटारसायकलच्या इंजिन ऑइलचा डबा उलटा करून पाहिला, तर मागे बारीक अक्षरांत तीन गोष्टी छापलेल्या सापडतात. '१०डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-५०' असा आकडा; 'एपीआय एसजे', 'एपीआय एसएल' अशी अक्षरं; आणि 'जासो एमए' किंवा 'एमए२'. दुकानदार यातलं पहिलं विचारतो आणि गिऱ्हाईक फक्त किंमत विचारतं. पण हे तीन शिक्के म्हणजे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींवर काढलेले तोडगे आहेत. त्यांचा क्रम कळला की कोणतं तेल घ्यायचं, हा प्रश्न बराचसा सुटतो.

सोलापुरात वंगण मोटारीच्या आधीपासून आहे. १८६० मध्ये इथे रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली. मिलकडे कापूस घेऊन येणाऱ्या बैलगाड्यांच्या कण्याला एरंडेल लागायचं. हे एरंडेल पुढे थेट विमानापर्यंत गेलं. लंडनच्या चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ च्या सुमारास इंजिनासाठी एरंडेल मिसळलेलं तेल बाजारात आणलं. एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरून त्याचं नाव ठेवलं 'कॅस्ट्रॉल'. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. खनिज तेल पेट्रोलबरोबर धुऊन जायचं. बैलगाडी आणि लढाऊ विमान एकाच झाडाच्या बियांवर चालत होती, हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या बांधावरच्या एरंडाबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

आता पहिला शिक्का. अमेरिकेतल्या मोटार इंजिनियरांच्या संस्थेने, म्हणजे 'एसएई'ने, १९११ मध्ये तेलाची जाडी मोजून तिला क्रमांक दिले. तोवर 'पातळ', 'मध्यम', 'जाड' असं ज्याच्या-त्याच्या अंदाजाने चालायचं. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर; तो नंतर आला. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहतं ते सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला किती जाड राहतं ते. सोलापूरची थंडी म्हणजे स्वेटर बाहेर काढेपर्यंत संपणारी, त्यामुळे आपल्याला दुसऱ्या आकड्याशीच जास्त काम. उन्हाळ्यात पारा ४२-४४ वर गेला की गावातले लोक 'जाड टाका, पन्नासवालं' म्हणतात. यात अगदीच तथ्य नाही असं नाही, कारण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरचं ऊन जाणवतं. पण तेलाच्या वाटा किती अरुंद ठेवायच्या, हे इंजिन बनवणाऱ्याने एक विशिष्ट जाडी धरून ठरवलेलं असतं. ३० साठी बनवलेल्या इंजिनात ५० टाकलं, तर सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या कॅमशाफ्टपर्यंत तेल पोचायला उशीर होतो. आणि कॅमशाफ्ट म्हणजे काय चीज आहे, हे निदान सोलापूरकराला सांगायला नको. १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथेच तर ते बनवते.

दुसरा शिक्का एपीआयचा. माझ्या कामात हीच तीन अक्षरं दिवसातून पन्नास वेळा येतात, पण इथे अर्थ आहे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. या संस्थेने १९७० च्या सुमारास एसए, एसबी, एससी अशी बाराखडी सुरू केली. अक्षर जितकं पुढचं, तितकं तेल नवं. आणि नवं तेल जुन्या इंजिनालाही चालेल, असा त्यातला शब्द. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात आणि हा शब्द नेमका कधी मोडतो, हे शोधण्यातच आमच्या रात्री जातात.

तेलाच्या बाबतीत तो मोटारसायकलवर मोडला. त्याचं मूळ १९७३ च्या तेलसंकटात आहे. अरब देशांनी तेल अडवल्यावर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून मोटारींच्या सरासरी मायलेजची अट घातली. कंपन्यांनी इंजिनं सुधारली, तशी तेलंही. तेल आणखी पातळ झालं आणि त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं आली. मोटारीत हे चालून जातं, कारण तिथे क्लच बहुधा कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं. होंडासारख्या जपानी फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही भावंडं एकाच तेलात नांदतात. क्लचला तर घर्षणच हवं असतं! तेच काढून घेतलं की अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

म्हणून जपानी मोटार उद्योगाच्या 'जासो' या संस्थेने १९९८ मध्ये मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक तेलाचं वेगळं मानक काढलं. एमए म्हणजे क्लच घसरू न देणारं, एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, स्कूटरसारख्या गाड्यांसाठी. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ ची पकड जास्त. अमेरिकेच्या बाराखडीतून जपानने आपली वेगळी फांदी काढली ती अशी. मोटारीचं महागडं, अगदी नव्या अक्षराचं तेल आणून गाडीत ओतणाऱ्याने हा तिसरा शिक्का आधी पाहावा.

आपल्याकडे हा प्रश्न तोवर फारसा आलाच नव्हता. राजदूत, येझदी, चेतक या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला गाडीप्रमाणे वीस ते पन्नास मिलिलिटर, आणि ते जळून निळ्या धुराने निघून जायचं. जे तेल उरतच नाही, ते गाळायचं कशाला? फोर-स्ट्रोक होती ती बुलेट. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या त्या जुन्या बुलेटमध्ये इंजिन, क्लचची पेटी आणि गिअरबॉक्स यांचं वंगण वेगवेगळं असे, आणि फिल्टर नमद्याचा.

१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक मध्यमवर्गीय घरात शिरली. त्याच ९७.२ सीसी इंजिनाच्या घराण्यातली १९९४ ची स्प्लेंडर. तिच्यामुळे ऑइल बदलणं हा देशातल्या कोट्यवधी घरांचा खर्च झाला.

आता फिल्टर. अर्नेस्ट स्वीटलंड या अमेरिकन माणसाने १९२३ मध्ये मोटारीच्या तेलाचा फिल्टर काढला. 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांवरून त्याचं नाव पडलं 'प्युरोलेटर'. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत तो मुळातच बसवून येऊ लागला. बदलून टाकून द्यायचा फिल्टर ही कल्पना तिथून पुढे रुजली.

आणि स्प्लेंडरमध्ये ती नाही! इंजिनाच्या उजव्या झाकणाआड, क्रँकच्या टोकाला एक छोटी वाटी असते. ती क्रँकबरोबर गरगर फिरते, तेलातला जड कचरा बाहेर फेकला जाऊन वाटीच्या कडेला काळ्या लगद्यासारखा चिकटतो. दह्याच्या रवीला जे कळतं, तेच तत्त्व. सोबत तळाशी एक तारेची जाळी. दोन्ही धुऊन परत बसवायचं. विकत काही आणायचं नाही, झाकण उघडल्यावर फक्त गॅसकेट नवं.

हे मला माहीत असण्याचं कारण आमच्या घरचं एक बिल. अप्पांची स्प्लेंडर रोज अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा अशी चादरीचे नमुने घेऊन फिरते. गाडी दोन दिवस बंद म्हणजे दोन दिवसांची कमाई बंद. गेल्या वर्षी एका चकचकीत सर्व्हिसिंगच्या दुकानाने त्यांना पूर्ण सिंथेटिक तेल आणि 'ऑइल फिल्टर बदलला' असं दोन्ही बिलात लावलं. मी पुण्याहून फोनवर ते बिल पाहिलं आणि पुढच्या शनिवारी विजापूर वेशीतल्या आमच्या चाचांकडे गाडी नेली. चाचांनी बिल लांब धरून वाचलं. "ह्यात फिल्टर कुठं असतंय बेटा? दुसऱ्या गाडीचं लावलंत बघ बिलात." मग उजवं झाकण उघडलं. वाटीत बोटभर काळा लगदा तसाच होता. जे विकलं ते गाडीत नव्हतं आणि जे गाडीत होतं ते कुणी धुतलं नव्हतं.

रकमेपेक्षा मला दुसरंच लागलं. अप्पा तीस वर्षं गाडी चालवतात, पण झाकणाआड काय आहे हे त्यांना कधी कुणी दाखवलंच नव्हतं. मॅन्युअल इंग्रजीत, डब्यावरची अक्षरं इंग्रजीत, आणि चाचांचं ज्ञान त्यांच्या हातात. चाचांचा मुलगा या धंद्यात नाही. चेतक २०२० मध्ये परत आली ती विजेवर. तिला इंजिन ऑइलच लागत नाही. त्यामुळे हे ज्ञान आणखी किती वर्षं लागेल, कोण जाणे. पण आज ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याला ते आजच हवं आहे.

तेव्हा निवड अशी. आधी मॅन्युअलमधली जाडी; अप्पांच्या गाडीला १०डब्ल्यू-३०. मग एपीआयचं अक्षर मॅन्युअल म्हणतं तेवढं किंवा त्यापुढचं, पण जासो एमए किंवा एमए२ असेल तरच. 'एनर्जी कन्झर्व्हिंग' लिहिलेला मोटारीचा डबा घ्यायचा नाही. फिल्टर कागदी असेल तर कंपनीचा, आणि जुना काढलेला हातात मागून घ्यायचा. वाटी असेल तर झाकण उघडताना समोर उभं राहायचं. हे सगळं मी मराठीत एका कार्डावर लिहून अप्पांच्या गाडीच्या कागदपत्रांत ठेवलंय. चाचांनी ते वाचलं आणि खाली आपल्या हाताने एक ओळ घातली: 'जळकं ऑइल गटारात टाकू नये.'