संग्राहकाचा चाकू आणि सरकारची शंका

चाकूचे आणि लेखणीचे नाते जुने आहे. बोरूला टोक काढायचे तर हाताशी चाकू हवाच. आम्ही भाषा-साहित्य शिकवणारी माणसे घडीच्या चाकूच्या इतिहासाकडे वळलो ती याच वाटेने. मात्र आम्हांला तेथे खिळवून ठेवले ते कायद्यातील एका लहानशा कलमाने. परदेशातून एखादा घडीचा चाकू निव्वळ संग्रहासाठी आणू पाहणाऱ्या माणसाची गाठ आजही त्या कलमाशी पडते.

आरंभ 1878 सालापासून करावा लागतो. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांना लगाम घातला, दुसऱ्याने देशी माणसाच्या हातातील शस्त्राला. वृत्तपत्रांचा कायदा पुढे रिपनच्या काळात रद्द झाला. शस्त्रांचा मात्र राहिला. त्यातून युरोपीयांना सूट होती, आणि हा भेदभाव लोकांना डाचत होता. 1887च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविषयी ठराव केला तो उगाच नव्हे.

या कायद्याच्या सहाव्या कलमाने विनापरवाना शस्त्रे आणण्यास बंदी केली. पण एक फट ठेवली. ज्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे, त्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी, वाजवी प्रमाणात ते आणावे. लगोलग दुसरे वाक्य येते: सीमाशुल्क अधिकाऱ्याने ते अडकवून ठेवावे आणि सरकारच्या हुकमाची वाट पाहावी, अशीही मुभा आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने रोखून धरण्याचा हा प्रकार.

स्वातंत्र्यानंतर 1959 साली नवा शस्त्र अधिनियम झाला आणि 1 ऑक्टोबर 1962 रोजी अमलात आला. युरोपीयांचा विशेषाधिकार गेला, हे मोठेच काम झाले. पण दहावे कलम वाचताना जुनी रचना ओळखू येते. तोच खासगी वापर, तेच वाजवी प्रमाण. अधिकाऱ्याला शंका आली तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत वस्तू अडकून राहते. तो आदेश किती दिवसांत यावा, हे कलम सांगत नाही.

संग्राहकाची अडचण नेमकी येथे आहे. तो चाकू वापरण्यासाठी आणत नाही, जपण्यासाठी आणतो. मग त्याला ‘वापर’ म्हणायचे काय? आणि एका माणसाला वापरायला एक चाकू पुरतो, तर संग्रहातील चाळिसावा चाकू ‘वाजवी’ कसा ठरावा? दहाव्या कलमात संग्रहाला शब्दच नाही.

मुळात ते शस्त्र आहे की अवजार, हाही प्रश्न उरतोच. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी घडवलेल्या वस्तू 1959च्या व्याख्येने वगळल्या आहेत. सगळा भार ‘केवळ’ या शब्दावर आहे. फ्रान्सच्या सावोय भागात 1890च्या सुमारास जोसेफ ओपिनेलने घडवलेला लाकडी मुठीचा चाकू शेतकऱ्याच्या खिशातला. स्पेनचा नवाहा मात्र द्वंद्वाच्या कथांतून गाजलेला. दोन्ही घडीचेच; आणि दोहोंनीही भाकरी कापता येते.

हेतू दिसत नाही, म्हणून कायदा पट्टी हाती घेतो. नियमांच्या अनुसूचीत पाते 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असल्याची अट आहे. घडीचे बहुतेक चाकू तीत बसत नाहीत. पण दिल्लीत 1980च्या अधिसूचनेने बटणाच्या, स्प्रिंगच्या वा तत्सम यंत्रणेने उघडणाऱ्या चाकूंसाठी वेगळे माप लावले: लांबी 7.62 सेंटिमीटर, रुंदी 1.72 सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम 3 इंचांचे पाते. तेव्हा चाकू कसा आहे याबरोबर तो कोठे आहे, हेही पाहावे लागते.

ही शंका निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. रस्त्यावर चाकूने माणसे मरतात, आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याला मनातले वाचता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की 1878ची शंका परक्या राज्यकर्त्याने प्रजेविषयी बाळगलेली होती. आपण राज्यकर्ता बदलला, पण शंकेचे वाक्य जवळजवळ तसेच ठेवले. नागरिकावरील शंकेला निदान मुदत असावी, आणि जपणाऱ्या माणसासाठी कायद्यात एक शब्द असावा.