‘लाईट आली की मोटर चालू’ : एका वाक्याचे दोन इतिहास

सटाण्याच्या परिसरात, आरम नदीकाठच्या मळ्यांत, ‘लाईट आली की मोटर चालू होते’ हे वाक्य कोणासही कोड्यात टाकीत नाही. येथे लाईट म्हणजे उजेड नव्हे. विहिरीवरील पंपाला मिळणारा वीजपुरवठा. परंतु हौशी विद्यार्थ्याच्या मेजावर तेच वाक्य अक्षरशः खरे ठरू शकते. या दोन अर्थांच्या मागे दोन निराळे इतिहास आहेत.

उजेडाने मोटर चालविण्याच्या कल्पनेचे मूळ तारायंत्रात सापडते. समुद्रतळाच्या तारा तपासण्यासाठी विलोबी स्मिथ हा इंग्रज अभियंता सेलेनियमच्या कांड्या मोठा रोध म्हणून वापरीत असे. हा रोध स्थिर राहीना. पेटीचे झाकण सरकवून उजेड आत आला की तो उतरे. १८७३ मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. मोजमापातील हा दोषच पुढे उपकरणाचा पाया झाला. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत धाकटे जॉन हेज हॅमंड व बेंजामिन मीसनर यांनी सेलेनियमचे दोन ‘डोळे’ असलेली गाडी बनविली. कंदिलामागे ती धावे, म्हणून तिला ‘विजेचा कुत्रा’ असे नाव पडले.

आजच्या हौशी मंडलात सेलेनियमच्या जागी कॅडमियम सल्फाइडची चकती असते. वर चकती व खाली साधा रोध जोडून मधल्या बिंदूचा दाब ट्रँझिस्टरला देतात. उजेड वाढून हा दाब सुमारे ०.६ व्होल्ट झाला की ट्रँझिस्टर वाहू लागतो, रिले ओढला जातो व मोटर फिरते. रिलेच्या वेटोळ्याला उलटा डायोड जोडण्यास विसरणाऱ्याचा ट्रँझिस्टर फार दिवस टिकत नाही. खरी परीक्षा मात्र संधिप्रकाशात होते. उजेड उंबरठ्यावर घुटमळतो आणि रिले खडखडत राहतो. यावरील उपाय ऑटो श्मिट यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केला : चालू होण्याची पातळी एक, बंद होण्याची दुसरी.

मळ्यातील ‘ऑटो’ स्टार्टरला यातले काहीच लागत नाही. थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने, पुष्कळदा रात्री येतो. तो आला की ऑटो मोटर सुरू करतो. बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर जाण्याचे त्याने वाचते. विहिरीत पाणी आहे की नाही, हे मात्र साधा ऑटो पाहत नाही. दिवसाच्या उजेडाची वाट पाहणारे हौशी मंडल अशा रात्री निरुपयोगी होय.

भाषेने हा भेद आपल्या परीने सांभाळला आहे. दिव्याच्या अर्थी लाईट बहुधा पुल्लिंगी (‘लाईट लावला’), तर पुरवठ्याच्या अर्थी स्त्रीलिंगी (‘लाईट गेली’). पहिल्यात ‘दिवा’चे व दुसऱ्यात ‘वीज’चे लिंग उतरले असावे, असे मला वाटते. क्रियापदेही वाटून घेतलेली आहेत : पुरवठा येतो, उजेड पडतो. परिभाषाकारांचे सारे लक्ष नामांवर असते. ‘विद्युत् चलित्र’ घडविताना हा भेद त्यांच्या हातून निसटतो. बागलाणातील विद्यार्थ्याला मंडल शिकविताना ‘प्रकाशनियंत्रित चलित्र’ म्हणण्यापेक्षा ‘उजेड पडला की मोटर चालू’ असे सांगितल्यास घोटाळा उरत नाही.

२०१९ मध्ये केंद्र सरकारची ‘कुसुम’ योजना सुरू झाली आणि अशा योजनांतून सौरपंप मळ्यांत येऊ लागले. त्यांच्याबाबत ‘लाईट आली’ म्हणण्याची सोय नाही. तेथे ऊन पडले की मोटर चालू होते.