सोरायसिसमधील त्वचेच्या आर्द्रतेचे छेदविरहित प्रतिमांकन

सोरायसिसमधील त्वचेच्या आर्द्रतेचे छेदविरहित प्रतिमांकन म्हणजे त्वचेचा तुकडा न काढता तिच्या बाह्य थरांतील पाण्याचे प्रमाण व वितरण दाखविणाऱ्या पद्धतींचा समूह होय. या पद्धती मुख्यतः संशोधनात वापरल्या जातात.

== पार्श्वभूमी ==
सोरायसिस हा प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडातून उद्भवणारा, दीर्घकालीन व असंसर्गजन्य त्वचाविकार आहे. निरोगी बाह्यत्वचेतील पेशी तळातून वर येऊन गळून पडण्यास साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हीच क्रिया काही दिवसांत उरकते. पेशी अपक्व राहिल्याने शृंगस्तराची, म्हणजे सर्वांत बाहेरच्या मृत पेशींच्या थराची, पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते आणि बाष्परूपाने निसटणारे पाणी वाढते. त्वचा कोरडी पडून तिला भेगा जातात.

== गरज ==
विकाराची तीव्रता ठरविण्यासाठी १९७८ पासून ‘पासी’ हा निर्देशांक प्रचलित आहे. लाली, जाडी, खवले आणि व्यापलेले क्षेत्र यांवरून ० ते ७२ गुण दिले जातात. हे गुण डोळ्यांनी पाहून दिले जात असल्याने परीक्षकागणिक बदलू शकतात. सावळ्या त्वचेवर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते व तिचा अंदाज कमी लागू शकतो. शिवाय आर्द्रतेचा या निर्देशांकात स्वतंत्र विचार नाही.

== प्रमुख पद्धती ==
* '''धारिता-प्रतिमांकन''' : पाण्याचा पराविद्युत् स्थिरांक सुमारे ८०, म्हणजे त्वचेतील इतर बहुतेक द्रव्यांपेक्षा कितीतरी अधिक असतो. बोटांचे ठसे टिपणाऱ्या संवेदकासारखी पट्टी त्वचेवर टेकविल्यास ओलसर व कोरडे भाग वेगवेगळ्या छटांत दिसतात.
* '''निकट-अवरक्त प्रतिमांकन''' : सुमारे १४५० व १९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाणी विशेषत्वाने शोषते. परावर्तित प्रकाशावरून, स्पर्श न करता, आर्द्रतेचा नकाशा तयार होतो.
* '''एककेंद्री रामन वर्णपटमापन''' : चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकाता येथे शोधलेल्या परिणामावर ही पद्धत आधारित आहे. पाणी व प्रथिने यांच्या संकेतांच्या गुणोत्तरावरून खोलीनुसार पाण्याचे प्रमाण काढता येते.
* '''टेराहर्ट्झ प्रतिमांकन''' : टेराहर्ट्झ लहरी पाण्यात तीव्रतेने शोषल्या जात असल्याने आर्द्रतेतील फरक उठून दिसतो, मात्र त्या फार खोल जात नाहीत.

== मर्यादा ==
खवल्यांचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने संवेदक नीट टेकत नाही. मधल्या हवेमुळे त्वचा प्रत्यक्षाहून कोरडी भासते. सुटे खवले प्रकाशाचेही प्रकीर्णन करतात. घाम, नुकतेच लावलेले मलम, खोलीचे तापमान व हवेतील दमटपणा यांचाही मापनावर परिणाम होतो. म्हणून रुग्णास काही वेळ नियंत्रित वातावरणात बसवून, चट्टा व त्याच रुग्णाची शेजारची निरोगी त्वचा यांची तुलना करणे इष्ट ठरते.

कोरडेपणा इतर त्वचाविकारांतही आढळतो. त्यामुळे केवळ आर्द्रतेच्या नकाशावरून सोरायसिसचे निदान होत नाही. निदान त्वचारोगतज्ज्ञाच्या तपासणीवर आणि आवश्यक तेथे बायॉप्सीवर अवलंबून असते. एकाच चट्ट्याची वेदनारहित तपासणी वारंवार करून उपचारांचा परिणाम पाहता येणे, हे या पद्धतींचे मुख्य मोल आहे.