तारण आणि नियमशास्त्र

बंगळूरच्या महात्मा गांधी मार्गावर बायबल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे मुख्य कार्यालय आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत वाचले जाणारे पवित्र शास्त्र बहुधा याच संस्थेने प्रकाशित केलेले असते. त्यातील दोन शब्द अभ्यासकाने निरखून पाहावेत असे आहेत. मोशेकरवी मिळालेल्या आज्ञांना तेथे ‘नियमशास्त्र’ म्हटले आहे आणि ख्रिस्ताकडून होणाऱ्या उद्धाराला ‘तारण’. व्यवहारात तारण म्हणजे कर्जफेडीची हमी म्हणून ठेवलेली वस्तू. सुटका आणि हमी हे दोन्ही अर्थ मराठीने अशा रीतीने एकाच शब्दात साठवले आहेत. आज्ञापालनाने ही हमी मिळते, की हमी मिळाल्यावर आज्ञापालन सुरू होते? प्रेषित पौलाच्या रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांतला हा प्रश्न मराठीत ज्यांनी प्रत्यक्ष जगून पाहिला, त्या पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवण्याचे धाडस केले. परंतु इतर सर्व बाबतींत शास्त्राज्ञा त्यांना शिरोधार्य होती. तीर्थाटने, व्रते आणि दानधर्म यांत घरची संपत्ती सरली. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण दगावली. आज्ञा तर निष्ठेने पाळल्या होत्या. अभय मात्र मिळाले नव्हते. पुढे कलकत्त्यास धर्मग्रंथांचे अध्ययन करताना रमाबाईंच्या ध्यानी आले की, परस्परांशी न जुळणारी ही शास्त्रे स्त्रीला मोक्षाचा अधिकार नाकारण्यात मात्र एकमत आहेत.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि एका शास्त्राचे जोखड उतरवून दुसरे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. ज्यांना त्या गुरुस्थानी मानीत, त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीही चर्चच्या अधिकारावरून त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. ईश्वराची आज्ञा मान्य, पण ती सदसद्विवेकाला पटली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. विशेष हे की, एवढे होऊनही मन निर्धास्त नव्हते. आपण ख्रिस्ती मत स्वीकारले, ख्रिस्ताचा प्रत्यय मात्र आला नाही, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, आपले तारण आपल्या कर्तृत्वावर अवलंबून नाही, हा विश्वास त्यांच्या ठायी दृढ झाला.

या विश्वासाने लौकिक सुरक्षितता आणली नाही. उलट होती तीही हिरावली. शारदा सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा रमाबाईंनी दार लावून घेण्यास नकार दिला. १८९३ साली न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेतून बाहेर पडले. ज्या पुण्याने त्यांचे स्वागत केले होते, तेच पारखे झाले. आणि तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन वाढले. ज्या आपत्तीने त्यांचे कुटुंब गिळले होते, तिच्याच तोंडी त्या पुन्हा गेल्या. पहिल्या दुष्काळात धर्माज्ञा पाळणारे घर भयाने ग्रासलेले होते. दुसऱ्या दुष्काळात निर्धास्त झालेले मन आज्ञा पाळीत होते.

हिब्रू व ग्रीक शिकून केलेले त्यांचे बायबलचे भाषांतर याच वृत्तीचे फळ आहे. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी ते पुरे केले आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. अल्पशिक्षित खेडवळ स्त्रीला स्वतः वाचून कळावे, हा त्यामागील हेतू होता. ज्या शास्त्राने तिला बाहेर ठेवले, त्याचा प्रतिवाद रमाबाईंनी अशा रीतीने केला: ईश्वराची आज्ञा आणि त्याची हमी, दोन्ही मध्यस्थावाचून तिच्या हाती दिली.